माल संपला

मोंढ्यामागच्या गल्लीत सुराणा इलेक्ट्रॉनिक्स,
तिथं बिलिंगला मी बसते. चार वर्षं झाली.
नवीन गेमचं पोस्टर शेठनी श्रावणातच लावलं:
पांढरा डबा, निळा उजेड, खाली तारीख.
तारखेला आले पाच.

पाच. आणि वहीत नावं त्रेसष्ट.
मीच लिहिलेली, दोन-दोन हजार ॲडव्हान्स घेऊन,
पावतीवर "माल आल्यावर" असा शिक्का मारून.

पहिला शेठच्या साडूला.
दुसरा ज्यांना दिला त्यांचं नाव वहीत नव्हतं,
गाडीला काळ्या काचा होत्या.
तिसरा-चौथा नंबरानं गेले, तेवढं खरं.
पाचव्याचं मला विचारू नका.

शार्दूल टेकाळे वहीत अकरावा.
लग्नांत ड्रोन उडवतो, दोन सिझन पैसे साठवले,
जाफ्राबादहून येतो मामाच्या स्कूटीवर.
काचेला कपाळ टेकवून म्हणतो,
"काहून ओ ताई, खरंच नाही,
का नाही म्हणायचं ठरलंय?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ओळखते.
आप्पा बियाण्याच्या दुकानात हमाल होते.
जूनमध्ये एकाच वाणाची पिशवी सगळ्या गावाला पाहिजे,
दुकानासमोर चपलांची रांग,
माणसं सावलीत, चपला उन्हात,
आणि पाटीवर खडूनं: माल संपला.
रात्री पाठ शेकून घेता घेता आप्पा सांगायचे,
आज तीनशे पिशव्या माळ्यावर चढवल्या.

एका वर्षी पाटी तीच, खडू तोच,
पण माळा रिकामा. खरंच रिकामा.
त्या वर्षी लोकांनी दुकान फोडलं.
खोट्याच्या वर्षी हात जोडून गेले,
खऱ्याच्या वर्षी दगड घेऊन आले,
असं आप्पा म्हणायचे,
आणि हसायचे नाहीत.

शेठ म्हणतात, पुण्याचा डीलर दाबून बसलाय.
डीलर म्हणतो, वरूनच नाही.
वरचे म्हणतात, चिप नाही.
चिप जिथं बनते तिथंही एखादी बाई असेल बिलिंगला,
ती आणखी वर बोट दाखवेल.
वर तर आभाळ,
आणि आभाळाचं म्हणणं
जालन्यात कुणी फार मनावर घेत नाही.

मोबाईलवर मात्र आहे.
सत्तावन्नचा ब्याऐंशीला, सीलपॅक, फक्त रोख.
फोटोत डब्याखाली जी फरशी दिसते,
कोपरा उडालेली,
ती मी रोज सकाळी पुसून घेते.

आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो.
टाकीवर टिचकी मारली की आवाजावरून सांगते
पाणी कुठवर आहे, बोटभर चुकणार नाही.
त्या रात्री शटर ओढल्यावर
गोडाऊनच्या दारावर मारून बघितली.
पत्रा पत्र्यासारखाच वाजला.

दुसऱ्या दिवशी शार्दूलला म्हटलं, "दुकानात नाही."
खोटं नव्हतं ते.
तो म्हणाला, "दुकानाचं कुठं विचारलं मी?"
आणि स्कूटीला तीन किका मारून गेला.

फाल्गुनात चाळीस आले.
जिन्याखाली, फ्रिजच्या मागं, माझ्या खुर्चीच्या पायापाशी,
जिकडं तिकडं पांढरे डबे.
वहीतले नंबर लावले. कुणी दुसरीकडून घेतला होता,
कुणाची परीक्षा होती,
शार्दूल म्हणाला, ॲडव्हान्स परत द्या, ड्रोनची बॅटरी गेली.
तीन महिन्यांपूर्वी खरंच नव्हता का
हे त्यानंही विचारलं नाही, मलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी शेठनी पाटी पुसून माझ्यापुढं ठेवली.
"लिही, शेवटचे दोन शिल्लक."
माझं अक्षर बरं आहे.
मी खडू घेतला,
आणि पहिल्यांदाच मनात आलं,
आप्पांच्या दुकानातली पाटी कोण लिहायचं
हे मी त्यांना कधी विचारलंच नाही.